मे महिन्यातलं पेंच म्हणजे मेलेलं जंगल नाही भाऊ

दरवर्षी नागपुरात ४५ डिग्री झालं की पेंचचे फोटो फिरतात, वाळकी झाडं, खाली पाचोळा, अन् वर मेसेज की "जंगल मेलं, वाघ आता कुठं राहणार". लहानपणापासून ऐकतोय हे, खरंच जीव तुटतो, कारण जंगल मेलेलं नसतंच!

आपल्याकडचं जंगल पानझडीचं आहे, सागाचं मोठ्ठं पान म्हणजे पाणी उडवायची मशीनच, म्हणून उन्हाळ्यात झाड ते टाकून देतं अन् आहे तेवढं पाणी खोडात-मुळांत जपून ठेवतं. कोवळी फांदी नखानं जराशी खरवडून पाहा (अभयारण्यात नाही हं, घराजवळच्या झाडाची), खाली ओली हिरवी साल दिसते.

अन् मोहाला तर फुलं येतातच पानं गळल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी झाडाखाली पिवळट फुलांचा सडा, हरणं-अस्वलं सगळी तिथंच. तेंदूची नवी पानं पण ऐन उन्हाळ्यातच येतात, तोडणीचा सीझनच तो. पळस फेब्रुवारी-मार्चमध्येच पेटलेला असतो.

वाघाचं म्हणाल तर तो या दिवसात पाणवठ्यावर जास्त दिसतो, झाडी मोकळी असते ना. अन् जूनचे दोन-चार चांगले पाऊस पडले की तेच जंगल हिरवंगार.