लिथियम आणि न भागणारी तहान

उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा होतो, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठावे लागते, आणि घरच्यांना वाटते साखर वाढली असावी. तपासणीत मात्र साखर व्यवस्थित निघते. द्विध्रुवीय विकारासाठी, म्हणजे मन कधी अति उत्साहाकडे तर कधी खोल नैराश्याकडे झुकणाऱ्या आजारासाठी, अनेक वर्षे लिथियम घेणाऱ्या कित्येकांचा हा अनुभव आहे आणि त्याचे मूळ मूत्रपिंडात असते.

मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सगळे पाणी रक्तात परत घेतात. अखेरच्या नलिकांमध्ये व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या हुकमाने पेशींच्या पृष्ठभागावर ॲक्वापोरिन-२ नावाची पाण्याची दारे येऊन बसतात. लिथियम हे सोडियमचे भावंड असल्याने त्याच्याच वाटेने या पेशींत शिरते, पण तितक्या सहज बाहेर पडत नाही. ते साठत गेले की दारे कमी होतात आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. अशा वेळी लघवी आटोक्यात यावी म्हणून पाणी तोडणे ही मोठीच चूक ठरते, कारण शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडे सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातील त्याची पातळी चढते. जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, एकाएकी मीठ सोडणे, किंवा गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅकची गोळी, या सगळ्यांचा परिणाम तोच होऊ शकतो.

दहा-वीस वर्षांच्या उपचारानंतर काहींच्या मूत्रपिंडात नलिकांभोवतीचा भाग तंतुमय होतो, सूक्ष्म पुटिका (द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या) दिसू लागतात आणि गाळण्याची क्षमता हळूहळू उतरते. डायलिसिसची वेळ मात्र फार थोड्यांवर येते. म्हणूनच भीतीपोटी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते: १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी पुढे आणलेल्या या औषधाने आत्महत्येचा धोका कमी होतो, आणि ते अचानक थांबवल्यास आजार उसळून येतो.

रक्तातील लिथियमची पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रतिलिटर राखणे आणि निदान दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी), थायरॉइड व कॅल्शियम तपासणे, हा खरा बचाव आहे. पातळीसाठीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते. त्या दिवशी सकाळची गोळी असेल, तर ती रक्त दिल्यावरच घ्यावी.