दस्तऐवजांचे मुक्त परवाने

मुक्त परवान्याखाली, म्हणजे वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक देऊन, दिलेल्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका, मदतपाने आणि शिकवणीची टिपणेही त्याच परवान्यात मोडतात का, हा या विषयातला मूळ प्रश्न होय. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात त्याला वेगळे महत्त्व आहे. इथल्या एकाच वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत शिकलेली मुले बसतात, त्यामुळे इंग्रजी पुस्तिकेची दोन भाषांतरे लागतात. आणि भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्यकृतीच्या भाषांतराचा हक्क कॉपीराइटधारकाकडे असतो. म्हणजे फुकट उतरवून घेता येणारी प्रत्येक पुस्तिका भाषांतर करून वाटता येतेच, असे नाही.

काही परवान्यांत उत्तर थेट मिळते. एमआयटी हा अगदी मोजक्या अटींचा परवाना सॉफ्टवेअरबरोबर त्याच्या सोबतच्या दस्तऐवजांनाही लागू होतो, आणि २००४ च्या अपाची २.० परवान्यातील ‘स्रोत’ या शब्दाच्या व्याख्येत दस्तऐवजाचा स्रोतही येतो. जीपीएल (जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा परवाना, ज्यात बदललेली प्रतही त्याच परवान्याने वाटावी लागते) पुस्तकालाही लावता येते, पण तिथे स्रोत म्हणजे बदल करायला सोयीचे रूप. छापील प्रत देणाऱ्याने मूळ फाईलही उपलब्ध करायची असते. मराठी आणि कन्नड छपाईत ही अट कळीची ठरते. युनिकोड (सर्व भाषांच्या अक्षरांसाठीची समान संगणकीय संकेतपद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये डीटीपी केलेली फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. अशी फाईल हाती देऊन परवान्याचा हेतू साधत नाही, म्हणून भाषांतर सुरुवातीपासून युनिकोडमध्ये करणेच योग्य.

खास पुस्तिकांसाठी तयार झालेला परवाना म्हणजे जीएनयू मुक्त दस्तऐवज परवाना. त्याची १.१ ही आवृत्ती २००० साली आणि १.३ ही आवृत्ती २००८ साली आली. त्यात लेखकाला काही प्रकरणे ‘अपरिवर्तनीय’ ठरवता येतात. इमॅक्स या जीएनयूच्या मजकूर-संपादक प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत जीएनयू प्रकल्पाचा जाहीरनामा असा राखलेला आहे. भाषांतरकाराने या भागांचे मराठी रूप जोडले तरी मूळ इंग्रजी मजकूर तसाच ठेवावा लागतो. तो काढून केवळ भाषांतर ठेवायचे तर हक्कधारकांची खास परवानगी हवी. शंभरापेक्षा जास्त छापील प्रती काढल्यास, मूळ पुस्तिकेने मुखपृष्ठ-मलपृष्ठावरचा मजकूर नेमून दिला असेल तर तो छापावा लागतो, आणि सहज संपादन करता येईल अशी फाईलही पुरवावी लागते. ऐंशी प्रतींची कार्यशाळा आणि दीडशे प्रतींची कार्यशाळा यांत असा फरक पडतो. अपरिवर्तनीय भागांच्या या तरतुदीला डेबियन या मुक्त संगणकप्रणाली बनवणाऱ्या स्वयंसेवी प्रकल्पाने हरकत घेतली; असे भाग नसलेली पुस्तिका मात्र मुक्त मानावी, असा कौल त्याच्या सदस्यांनी २००६ साली दिला. छोट्या गटांच्या दृष्टीने ही हरकत रास्त वाटते, कारण चार पानांच्या टिपणालाही तेवढाच पसारा सांभाळावा लागतो.

आज अधिक वापर क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने लेखन, चित्रे अशा कृतींसाठी तयार केलेल्या परवान्यांचा होतो. विकिपीडियाने २००९ साली त्यांतला श्रेयनिर्देश-समवाटप परवाना (मूळ लेखकाचे श्रेय द्यायचे आणि बदललेली प्रत त्याच परवान्याने वाटायची) स्वीकारला. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका जीपीएल किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश, यांपैकी वाचक निवडेल त्या परवान्याने वापरता येतात. भाषांतराला हात घालणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. उलट ‘साधित कृती नको’ (मूळ कृती बदलून केलेली कृती वाटू नये; भाषांतरही त्यात येते) ही अट असलेल्या टिपणाचे भाषांतर वाटता येत नाही. आपली टिपणे सद्‌भावनेने खुली करणारे शिक्षक कधी ही अट लावून बसतात आणि शेजारच्या भाषेचे दार नकळत बंद होते.

दोन भाषांच्या प्रदेशात श्रेयाची साखळीही लांबते. समजा, समवाटप परवान्याच्या इंग्रजी पुस्तिकेचे आधी कन्नड भाषांतर झाले आणि त्यावरून कोणी मराठी केले. मराठी प्रतीवर इंग्रजी लेखक आणि कन्नड भाषांतरकार या दोघांचाही उल्लेख हवा, बदल केल्याची नोंद हवी आणि परवानाही तोच किंवा त्याला सुसंगत असा हवा. मराठी भाषांतरकाराचा स्वतःच्या शब्दांवरचा कॉपीराइट यामुळे जात नाही.

पुस्तिकेतील नमुना कोड ही वेगळी बाब आहे. विद्यार्थी तो उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये घालतात, पण क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच आपले परवाने सॉफ्टवेअरला लावू नयेत असे सुचवते. त्यामुळे गद्याला एक परवाना आणि कोडला एमआयटीसारखा दुसरा परवाना देऊन दोन्हींचा उल्लेख पहिल्याच पानावर करण्याची पद्धत अनेक प्रकल्पांत दिसते; भाषांतरात हा उल्लेख जसाच्या तसा पुढे न्यावा लागतो.