नवजात अतिदक्षता कक्षातील मृत्यू (सोलापूर)

जिवंत जन्मलेले बाळ २८ दिवस पूर्ण होण्याआधी दगावले तर तो नवजात मृत्यू. यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २०, तर महाराष्ट्रात ११ नवजात दगावली. ही संख्या सगळ्या जन्मांवर काढलेली असते. अतिदक्षता कक्षाचे प्रमाण मात्र तिथे दाखल झालेल्या, म्हणजे आधीच अडचणीत असलेल्या बाळांवर काढतात. त्यामुळे ते मोठे दिसणारच. दोन आकडे शेजारी ठेवून रुग्णालयाला दोष देणे चूक आहे.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. त्याला जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयाला लोक ‘सिव्हिल’च म्हणतात. जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांची, तशीच धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातली अवघड बाळंतपणे शेवटी सोलापूर गाठतात. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटरवर, पंढरपूर ७०च्या आसपास, करमाळा शंभराच्याही पुढे. हे अंतर जोखीम ठरवते, म्हणून बाळांची नोंद ‘इथेच जन्मलेली’ आणि ‘बाहेरून आलेली’ अशी वेगळी ठेवतात. बाहेरून आलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त असते, हे देशभरातल्या कक्षांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. नात्यातली बाई बाळाला साडीत गुंडाळून जीपमधून आणते, तेव्हा वाटेतच त्याचे अंग गार पडते, रक्तातली साखर उतरते, श्वास अडखळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो म्हणून बाळाला गारठा बाधणार नाही, हा समज घातक आहे. नीट न पुसलेले ओले बाळ पंख्याखाली मे महिन्यातही गार पडते. शरीराचे तापमान ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की धोका सुरू होतो. जोखमीची आई बाळ पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात पोहोचणे ही सर्वांत सुरक्षित वाहतूक होय.

मृत्यूची मुख्य कारणे तीन : दिवस भरण्याआधी जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणे आणि जंतुसंसर्ग. त्यांखालोखाल जन्मजात व्यंगे येतात. ३७ आठवड्यांआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचे, १५००पेक्षा कमी असेल तर अतिकमी वजनाचे. वजन आणि दिवस जितके कमी, तितकी फुप्फुसे कच्ची. त्यांना फुगते ठेवणारे सर्फॅक्टंट हे द्रव्य तयार झालेले नसते. बाळ कण्हत, छाती आत ओढत श्वास घेते. सीपॅप यंत्राने नाकावाटे सौम्य दाबाची हवा देतात, गरज पडल्यास सर्फॅक्टंट श्वासनलिकेत सोडतात. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने वेळेत मिळाली, तर बाळाची फुप्फुसे पोटातच बळ धरतात. स्वस्त औषध आहे, आणि म्हणूनच ते द्यायचे राहून जाते तेव्हा मनाला जास्त लागते.

‘बाळ रडलंच नाही’, ‘पोटातच शी केली’ असे नातेवाईक सांगतात, त्यामागे बहुधा लांबलेली किंवा अडलेली प्रसूती असते. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात पिशवी आणि मास्कने श्वास देणारे प्रशिक्षित हात हवेत. ते मिनिट हुकले तर मेंदूला झालेली इजा पुढे कोणतेही यंत्र पूर्णपणे भरून काढत नाही.

आईच्या बाजूची जोखीम कक्षाच्या कागदावर त्रोटकच उमटते : रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, झटके, लवकर फुटलेली पाणमोट, कोवळ्या वयातले गरोदरपण, दोन बाळंतपणांत कमी अंतर. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात, आणि मिश्री लावण्याची सवयही जुनी आहे. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांवरच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. वेळेआधीच्या प्रसूतीही त्यांच्यात अधिक होत्या. गरोदरपणी ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची तपासणी तर गावोगाव तुटत जाते.

संसर्गाची बाजू कक्षाच्या आतली आहे, आणि तिथे जबाबदारी टाळता येत नाही. भारतीय कक्षांत क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू वारंवार सापडतात. नेहमीची प्रतिजैविके त्यांच्यावर अनेकदा चालत नाहीत. एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रावर, दोन बाळे आणि एका परिचारिकेकडे फार बाळे असली, की हात धुण्याची शिस्त सुटते आणि संसर्ग पसरतो. मध किंवा गुटी चाटवण्याऐवजी आईचे दूध, चिकाचे दूध, हेच बाळाचे पहिले संरक्षण आहे.

१९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटात सुरू झालेल्या कांगारू मातृसेवेत बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरतात. भारतासह पाच देशांतल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता ही सेवा सुरू केल्यावर कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ‘पेटीत’ ठेवलेल्या बाळाजवळ आईला जाऊ न देण्याची जुनी रीत यामुळे मोडीत निघायला हवी. आई शस्त्रक्रियेतून सावरत असेल तर बाप किंवा आजीही बाळाला छातीशी घेऊ शकतात.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येते. बाळ दूध ओढेनासे होणे, सुस्त पडणे, अंग गार किंवा गरम लागणे, श्वास जलद चालणे, तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरणे ही लक्षणे घरी पाठवताना आईला समजावून द्यायची असतात. सोलापुरात हे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतूनही सांगावे लागते.