बेव्हॅसिझुमॅब म्हणजे जीन थेरपी नव्हे

कर्करोगाच्या गाठीची रसद तोडायची, हा विचार बॉस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्या फुटूच दिल्या नाहीत तर वाढ मंदावेल. या विचारातून निघालेल्या दोन उपचारांची गल्लत होऊ शकते.

पहिला बेव्हॅसिझुमॅबचा. गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते आणि त्याच्या इशाऱ्यावर आसपासच्या रक्तवाहिन्यांना फाटे फुटतात. बेव्हॅसिझुमॅब ही कारखान्यात बनवलेली अँटिबॉडी. ती सलाईनमधून रक्तात जाते आणि हे प्रथिन धरून ठेवते. रुग्णाच्या जनुकांना हात लागत नाही. साधारण २० दिवसांत निम्मं औषध शरीरातून जातं, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा डोस. बीपी चढलं, लघवीतून प्रथिन जाऊ लागलं, तर डोस थांबवता येतो. ठरलेल्या ऑपरेशनआधी किमान २८ दिवस ते बंद ठेवतात, कारण जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात. हे घरच्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. शरीरात इतरत्र पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्याला २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. केमोच्या जोडीला हे औषध दिल्यावर रुग्णांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेलं होतं. गाठ त्याने समूळ जात नाही, पण हे महिने थोडे नाहीत.

दुसरा जीन थेरपीचा. तिच्यात तयार औषध देत नाहीत, जनुक देतात. इस्रायलमध्ये विकसित झालेल्या व्हीबी-१११ मध्ये निरुपद्रवी केलेला ॲडिनोव्हायरस जनुक वाहून नेतो. ते जनुक नव्याने वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींतच जागं व्हावं आणि त्या पेशी मराव्यात, अशी त्याची रचना. कल्पना मला आजही सुंदर वाटते. पण पेशीत शिरलेलं जनुक सलाईनसारखं बंद करता येत नाही. शिवाय मोठ्या चाचण्यांत यश आलं नाही: ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात, तो उलटल्यावर, बेव्हॅसिझुमॅबच्या जोडीला देऊनही आयुष्य वाढलं नाही आणि २०२२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगातली चाचणीही अपयशी ठरली.

(आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेली, २०२३ मध्ये मंजूर झालेली नेक्सकार१९ ही उपचारपद्धती याहून निराळी. तिच्यात रुग्णाच्याच टी-पेशींत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत, जनुक घालून त्या रक्ताच्या कर्करोगावर सोडतात.)

म्हणून ‘गाठीचा रक्तपुरवठा तोडणारी जीन थेरपी’ कोणी सुचवली, तर औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. ते बेव्हॅसिझुमॅब निघालं, तर जीन थेरपीच्या नावाखाली जादा पैसे मोजू नका. खरोखरच जनुक देणार असतील, तर ही क्लिनिकल ट्रायल आहे का ते विचारा आणि संमतीपत्र घरी नेऊन नीट वाचा.