पोटावरची पिशवी आणि पोहण्याचा तलाव

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर स्टोमाची (मल बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी आली की घरचे सांगतात, "आता पोहणं विसरा. पाणी आत जाईल, पिशवी सुटेल, तलावात नको ते होईल." हा समज जुना आहे आणि चुकीचाही.

आतड्याची हालचाल आतून बाहेर ढकलणारी असते, म्हणून स्टोमातून पाणी आत शिरत नाही. पिशवी वॉटरप्रूफच असते. खरी मेख आहे चिकटवण्यात. कातडी कोरडी हवी, तेल-क्रीम अजिबात नको (अंगाला तेल चोळायची आपली सवय इथं नडते!). पिशवी कातडीला धरून ठेवणारी नवी चिकट चकती लावून लगेच उडी मारू नका, तासभर तरी जाऊ द्या. पिशवीला वायू सोडणारा फिल्टर असेल तर त्यावर सोबत मिळणारा स्टिकर लावा. फिल्टर भिजला की पिशवी फुग्यासारखी फुगते. उतरण्याआधी ती रिकामी करा, खाणंही थोडा वेळ आधीच उरकून घ्या.

जखम भरून सर्जन हो म्हणेपर्यंत मात्र थांबायचं. तरीही धाकधूक वाटली तर आधी घरीच टबात अर्धा तास बसून पाहा. पोशाखाचं म्हणाल, तर गडद, नक्षीदार कापड आणि उंच कमरेची चड्डी, पिशवी दिसतसुद्धा नाही.