क्वीन बँडची दुर्लक्षित गाणी

क्वीन हा १९७० साली लंडनमध्ये सुरू झालेला ब्रिटिश रॉक बँड. त्याची अनेक उत्तम गाणी अल्बममध्ये आहेत, पण रेडिओ, संकलनं आणि मोठ्या मैदानांवरचे कार्यक्रम यांतून ती श्रोत्यांपर्यंत फारशी पोचली नाहीत. अशा गाण्यांची ही नोंद आहे. फ्रेडी मर्क्युरी (गायन व पियानो), ब्रायन मे (गिटार), रॉजर टेलर (ड्रम) आणि १९७१मध्ये येऊन मिळालेला जॉन डीकन (बेस गिटार) असे हे चौघे. चौघेही स्वतः गाणी रचत आणि चौघांच्याही नावावर गाजलेली गाणी आहेत. त्यामुळे क्वीनच्या एकाच अल्बममध्ये चार वेगवेगळ्या प्रकृतींचे रचनाकार शेजारी शेजारी भेटतात. गाजलेल्या गाण्यांवरून या बँडची जी ओळख झाली आहे, तिच्यात ही विविधता निम्मीही उतरलेली नाही.

या विस्मरणामागे एक अल्बम आहे. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हे संकलन निघालं आणि पुढे ते ब्रिटनमधलं सर्वाधिक खपाचं अल्बम ठरलं. तोवर क्वीनचे नऊ स्टुडिओ अल्बम आलेले होते. ब्रिटनमधल्या आवृत्तीत त्यांतली सतरा गाणी निवडली गेली. १९७३च्या पहिल्या अल्बममधलं एकही नाही, १९७४च्या ‘क्वीन २’मधलं फक्त एक, आणि ज्या ‘अ नाइट अॅट दि ऑपेरा’वर (१९७५) बँडची कीर्ती उभी आहे त्यातली दोनच. निवड चुकीची नव्हती, कारण जी गाणी सिंगल म्हणून (एका मुख्य गाण्यासाठी काढलेली छोटी तबकडी) निघून गाजली होती तीच तिथे आली. पण पुढच्या पिढ्यांनी हे संकलन म्हणजेच अख्खा क्वीन असं मानलं, आणि टाळ्यांच्या ठेक्यावर अख्खं मैदान गायला लावणारा बँड एवढीच त्याची प्रतिमा घट्ट झाली. १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफिलीतल्या कार्यक्रमाने आणि बँडवरच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या २०१८च्या चित्रपटाने ती आणखी पक्की केली.

मागे राहिलं ते स्टुडिओतलं क्वीन. सोहोमधल्या ट्रायडेंट स्टुडिओत सोळा ट्रॅकच्या टेपवर काम करताना या मंडळींनी आणि निर्माता रॉय थॉमस बेकर यांनी एक पद्धत बसवली. मर्क्युरी, मे आणि टेलर एकच ओळ पुन्हा पुन्हा गात, आणि ते थर एकावर एक चढवून तीन गळ्यांचा कोरस उभा राही. सगळ्यांत वरचे सूर बहुधा टेलरचे असत. गिटारचंही तसंच. मेने वडिलांच्या मदतीने घरीच बनवलेली गिटार (तिच्या मानेला जुन्या शेकोटीचं लाकूड वापरलं आहे) तो इतक्या थरांत वाजवी की ऐकणाऱ्याला सिंथेसायझरचा भास व्हावा. म्हणूनच सत्तरच्या दशकात अल्बमच्या वेष्टनावर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ अशी सूचना छापली जाई. सिंथेसायझर प्रत्यक्षात आला तो १९८०च्या ‘द गेम’मध्ये.

या पद्धतीचा कळस पाहायचा तर ‘क्वीन २’ ऐकावं. प्रस्तुत लेखकाच्या मते बँडने याहून धाडसी काही केलं नाही. तबकडीच्या दोन बाजूंना पहिली-दुसरी न म्हणता पांढरी आणि काळी अशी नावं दिली होती. पांढऱ्या बाजूवर मेच्या रचना आणि शेवटी टेलरची एक; काळी बाजू संपूर्ण मर्क्युरीची. त्या बाजूचं हृदय म्हणजे ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’. साडेसहा मिनिटांच्या या गाण्यात लय सारखी बदलते. एका जागी तर आठ आणि बारा मात्रांचे दोन हिशेब एकाच वेळी चालतात आणि तरी तोल जात नाही. पियानोवरची हळवी ओळ, लगेच गिटारचा धडाका, मग कोरस, मग पुन्हा एकटा आवाज अशी वळणं घेत गाणं न थांबता पुढच्या गाण्यात शिरतं. दीड वर्षाने आलेलं बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, आकाशातून पडलं नाही, त्याचा आराखडा इथे स्पष्ट दिसतो. थर इतके की मंचावर हे गाणं पूर्ण कधीच सादर झालं नाही. इतर गाण्यांच्या मालिकेत त्याचा छोटा तुकडा तेवढा येई. जगभर फिरणाऱ्या बँडचं जे गाणं मंचावर येत नाही ते नव्या श्रोत्यांपर्यंत पोचत नाही. क्वीनच्या बाबतीत हे फार वेळा घडलं.

त्याच बाजूवरचं ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ तीन मिनिटांचंही नाही. रिचर्ड डॅड या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराने वडिलांचा खून केल्यावर मनोरुग्णालयात कोंडलेल्या अवस्थेत, १८५५ ते १८६४ या काळात, याच नावाचं चित्र काढलं. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या त्या छोट्याशा कॅनव्हासवर गवताच्या पात्यांआड पऱ्या, बुटके, सरदार, भटके यांची खच्चून गर्दी आहे. मर्क्युरीने गाण्यात त्या पात्रांना एकेक करून नावानिशी उभं केलं, खाली स्वतः हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) वाजवला, आणि ध्वनिमुद्रणही चित्रासारखंच दाटीचं केलं. डाव्या कानात एक आवाज संपतो तोच उजव्या कानात दुसरा सुरू होतो. हे गाणं हेडफोन लावूनच ऐकायला हवं. चित्र समोर ठेवून ऐकलं तर प्रत्येक ओळीचा पत्ता लागतो.

‘अ नाइट अॅट दि ऑपेरा’ची अडचण वेगळी. अल्बम सगळ्यांना ठाऊक आहे, पण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या एका गाण्याच्या सावलीत बाकीची झाकोळली. मेचं ‘द प्रॉफेट्स साँग’ आठ मिनिटांहून लांब आहे. आजारपणात पडलेल्या महापुराच्या स्वप्नातून ते सुचलं. सुरुवातीला ऐकू येणारी नाजूक तार कोटो या जपानी वाद्याच्या खेळण्यातल्या प्रतिकृतीची आहे. मधोमध सगळी वाद्यं थांबतात आणि मर्क्युरी एकटा गातो. त्याचाच आवाज थोड्या विलंबाने परत येतो, त्यावर तो पुढची ओळ टाकतो, आणि एका गळ्यातून तिपेडी गायन उभं राहतं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला ऑपेराचा भाग चतुर आणि नाटकी आहे, हा भाग गंभीर आहे, आणि भीती वाटावी इतका उघडा. दोन्ही गाणी एकाच अल्बमवर नसती तर याचं नशीब निराळं असतं.

त्याच अल्बममधलं ‘सीसाइड राँदेव्हू’ हा निव्वळ आनंदाचा मामला. मधल्या तुकड्यातली फुंकवाद्यं खरी नाहीत. मर्क्युरी आणि टेलर यांनी ती तोंडाने काढली आहेत, आणि टॅप नृत्याचा आवाज शिवताना बोटात घालायची अंगुस्तानं चढवून बोटांनीच वाजवला आहे. ‘गुड कंपनी’त मेने एकट्याने गिटारमधून क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट असा जुन्या जॅझचा ताफा काढला. मेचंच ‘’३९’ वरवर साधं, लोकगीताच्या चालीचं वाटतं, डीकन त्यात उभा डबल बेस वाजवतो. पण शब्द नीट ऐकले की कळतं, दूरच्या अवकाशात गेलेले प्रवासी वर्षभराने परततात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात आणि ओळखीचं कुणी उरलेलं नसतं. सापेक्षतेच्या सिद्धांतातलं एक गणित मेने विरहगीतात बसवलं. तो खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता. बँडसाठी अर्धवट सोडलेली पीएच.डी. त्याने २००७मध्ये इंपीरियल कॉलेजातून पूर्ण केली. हे गाणं १९७६मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूवर निघालं.

डीकन आणि टेलर यांच्या वाट्याला उपेक्षा जास्त आली. डीकन क्वीनमध्ये गात नसे आणि बोलेही कमी. त्याचं ‘स्प्रेड युअर विंग्ज’ (१९७७) ही बारमध्ये झाडू मारणाऱ्या सॅमीची गोष्ट आहे. मालक त्याला डोक्यातली खुळं काढून टाकायला सांगतो, आणि ध्रुवपद त्याला उडून जा म्हणतं. क्वीनची खूण असलेला कोरस इथे मुळीच नाही, एकट्या मर्क्युरीचा आवाज आहे, आणि त्या साधेपणामुळेच ते आत उतरतं. १९७८मध्ये सिंगल म्हणून निघालं तेव्हा ब्रिटनच्या विक्रीयादीत चौतिसाव्या क्रमांकापुढे गेलं नाही. टेलरचं ‘ड्राउझ’ (१९७६) रविवारच्या सुस्त दुपारचं गाणं आहे आणि ते त्यानेच गायलं आहे. मेच्या ‘सेल अवे स्वीट सिस्टर’मध्ये (१९८०) मे स्वतः गातो आणि मधल्या ओळींना मर्क्युरीचा आवाज येतो. दोन गळ्यांतला फरक इतक्या सुंदरपणे फार कमी ठिकाणी वापरला गेला आहे.

मराठी वाचकाला या बँडबद्दल आपुलकी वाटते ती पाचगणीमुळे. झांझिबारच्या पारशी घरात ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेला फारूख बलसारा, म्हणजे पुढचा मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला. पियानो तो तिथे शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड त्याने तिथेच काढला. त्याच्या गाण्यांत इथलं संगीत शोधण्याचा मोह मात्र आवरावा. ‘जॅझ’ (१९७८) अल्बमच्या सुरुवातीचं ‘मुस्तफा’ पुष्कळदा पुरावा म्हणून पुढे केलं जातं. त्यात इस्लामी हाकेचा, अरबी वळणाच्या शब्दांचा आणि मनाने रचलेल्या अक्षरांचा खेळ आहे. तो भन्नाट आहे, पण त्यात पाचगणी नाही. भारतीय कानाला खरी ओळख पटते ती दुसरीकडे, आणि तीही इंग्रज मेच्या हातून. त्याच्याजवळ स्वस्तातली एक जुनी साधी गिटार होती. तिची घोडी खरवडून त्याने तिथे धातूची बारीक पट्टी बसवली. तारा पट्टीला हलक्या टेकत आणि झणझणत. तंबोऱ्याची जव्हारी ज्याने ऐकली आहे त्याला हे तत्त्व लगेच कळेल. ‘व्हाइट क्वीन’ (१९७४) आणि ‘जेलसी’ (१९७८) या दोन गाण्यांत ही सतारीसारखी गुंज ऐकू येते. ‘जेलसी’ तर मत्सराशी समोरासमोर बोलणारं, पियानोवरचं उत्कृष्ट गाणं आहे.

सगळीच उपेक्षित गाणी थोर आहेत असं मुळीच नाही. ‘हॉट स्पेस’मधली (१९८२) बरीचशी विसरली गेली ते योग्यच झालं, अपवाद शांत, उबदार ‘लास पालाब्रास दे आमोर’चा. ऐंशीच्या दशकात बँडचं लक्ष सिंगलकडे वळलं आणि अल्बममधली बाकीची गाणी पातळ झाली. शेवटच्या टप्प्यावर मात्र जुनी भूक परत आली. ‘इनुएंडो’मधल्या (१९९१) ‘बिझू’त नेहमीचा क्रम उलटा आहे. कडवी गिटार गाते आणि आवाज मधल्या मोजक्या ओळींपुरता येतो. मर्क्युरीने शेवटचं ध्वनिमुद्रण केलं ते ‘मदर लव्ह’चं, १९९१च्या मे महिन्यात, स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावातल्या स्टुडिओत. शेवटचं कडवं त्याच्याकडून राहून गेलं. २४ नोव्हेंबर १९९१ला तो गेला आणि ते कडवं पुढे मेने गायलं. गाणं १९९५च्या ‘मेड इन हेवन’मध्ये आलं. मे कुठून सुरू होतो ते पहिल्याच शब्दाला कळतं, आणि ती सांधेजोड लपवण्याचा प्रयत्न कुणी केलेला नाही.

संगीतकारांमध्ये या गाण्यांचा मान पूर्वीपासून आहे. १९७४च्या ‘शीअर हार्ट अटॅक’मधलं, दोन-सव्वादोन मिनिटांत संपणारं ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडने पुन्हा वाजवलं आणि त्या आवृत्तीला १९९१मध्ये ग्रॅमी मिळालं. चौघांच्या नावाने आलेली ही क्वीनची पहिली रचना. नव्या श्रोत्याने सुरुवात याच अल्बमपासून करावी. त्यातली ‘टेनमेंट फन्स्टर’, ‘फ्लिक ऑफ द रिस्ट’ आणि ‘लिली ऑफ द व्हॅली’ ही तीन गाणी एकमेकांत विरघळतात: पहिलं टेलरचं, पुढची दोन मर्क्युरीची. मोबाइलवर गाणी उलटसुलट क्रमाने लावली की हे सांधे तुटतात, आणि ‘लिली ऑफ द व्हॅली’सारखं पावणेदोन मिनिटांचं गाणं अर्धवट वाटू लागतं. तेव्हा ही तिन्ही छापील क्रमानेच ऐकावीत, मग ‘क्वीन २’ची काळी बाजू, आणि त्यानंतर ‘द प्रॉफेट्स साँग’.