वन्य माशांमधील रोगांचे सर्वेक्षण
नद्या, तलाव व पाणथळ जागांतील नैसर्गिक माशांत कोणते रोग आहेत, किती पसरले आहेत व कोणत्या ऋतूत बळावतात, याची ठरावीक काळाने केलेली पद्धतशीर नोंद. मेलेला मासा बहुधा तळाशी जातो किंवा पक्षी व कासवे त्याचा फडशा पाडतात. त्यामुळे तरंगणाऱ्या मृत माशांवरून बांधलेला अंदाज कमीच भरतो. पहिली खबर अनेकदा मच्छीमारांकडूनच येते व ती नोंदवून घ्यायलाच हवी.

मोठ्या समूहात २% मासे बाधित असतील, तर त्यांपैकी निदान एक हाती लागण्याची ९५% खात्री मिळण्यास सुमारे १५० मासे तपासावे लागतात. बाधितांचे प्रमाण ५% असल्यास ६०. नमुना यादृच्छिक (प्रत्येक मासा निवडला जाण्याची शक्यता सारखी) व चाचणी बिनचूक आहे, हे यात गृहीत असते. नदीत तसे घडत नाही. मंदावलेला आजारी मासा काठाच्या हातजाळ्यात सहज येतो, पोहत आलेला मासा ज्यात अडकतो त्या अडकण जाळ्यात कमी. जाळ्याचा प्रकार लिहिलेला नसेल, तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ होय.

माशांच्या अंगावर व्रण पाडणाऱ्या साथीच्या व्रणरोगाच्या कारणाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. या रोगाची पहिली नोंद सामान्यतः जपानमधील, १९७१ ची मानतात. ऑस्ट्रेलियात १९७२ च्या सुमारास आढळलेला ‘लाल ठिपक्यांचा रोग’ही तोच असावा. १९८८ मध्ये तो ईशान्य भारतात पोहोचला व मरळ जातीच्या माशांना त्याची मोठी झळ बसली. आफ्रिकेतील झांबेझी खोऱ्यात तो २००६-०७ मध्ये दिसला. काही संशोधकांनी ऱ्हॅब्डोव्हायरस या विषाणूला, तर काहींनी व्रणांत हमखास सापडणाऱ्या एरोमोनास जीवाणूंना कारण मानले. ॲफॅनोमायसीज इनव्हॅडन्स हा कवकसदृश जीव मूळ कारण असून जीवाणू मागाहून शिरतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. निरनिराळ्या देशांतील त्याच्या नमुन्यांतील जनुकीय साम्यही वेगाने झालेल्या प्रसाराकडे बोट दाखवते.

नमुना व्रणाच्या मध्यातून घेऊ नये; तेथे जीवाणूंचा सुळसुळाट असतो व मूळ जीव बहुधा मेलेला असतो. कडेचा स्नायू व त्वचा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली या जीवाचे आडपडदे नसलेले तंतू व त्यांभोवतीच्या ग्रॅन्युलोमा (दाहामुळे जमलेल्या पेशींच्या) गाठी पाहतात. कल्ले लवकर कुजतात, म्हणून काठावरच तपासणे बरे.

अलीकडे पाण्यातील डीएनए गाळूनही रोगकारक शोधतात. त्यावरून त्याची उपस्थिती कळते. मासा आजारी आहे की नाही, हे ऊती पाहूनच ठरते.